प्रौढांमधील खुब्याचा अस्थिनाश आणि वैद्यकीय प्रतिमा-निदान

प्रास्ताविक

भोपाळ शहराच्या दक्षिणेकडून कोलार धरणाच्या दिशेने जाणारा कोलार रोड आता दाट वस्तीचा भाग झाला आहे. एल. एन. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले जे. के. रुग्णालय याच रस्त्यावर आहे. बैतुल, मुलताई या मराठी भाषक पट्ट्यातील माणसांना मोठ्या उपचारासाठी नागपूर किंवा भोपाळ हीच दोन शहरे जवळची. यांपैकी कोणत्याही शहरात अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात एका प्रकारचा रुग्ण हमखास आढळतो. वय साधारण पंचवीस ते पंचेचाळीस. कित्येक आठवडे जांघेत दुखत असते. चालताना पाय किंचित ओढला जातो, मांडी घालून किंवा उकिडवे बसता येत नाही, नमाजात बसताना कळ येते. हातातल्या पिशवीत दोन-तीन महिन्यांपूर्वीचा एक्स-रे असतो आणि त्याच्या अहवालात ‘दोष आढळला नाही’ असे लिहिलेले असते. मधल्या काळात कुणी स्नायू आखडल्याचे सांगितलेले असते, कुणी सायटिकाचे, आणि वेदनाशामक गोळ्या चालू असतात.

यातील काहींना खुब्याच्या सांध्याचा अस्थिनाश झालेला असतो. वैद्यकीय भाषेत यास अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही त्याचा उल्लेख ए.व्ही.एन. असाच करतात. सदर लेखात या आजाराच्या निदानात निरनिराळ्या वैद्यकीय प्रतिमा काय दाखवतात, काय दाखवत नाहीत आणि केव्हा दाखवतात, याचा विचार केला आहे. यातील ‘केव्हा’ हा शब्द सर्वात महत्त्वाचा होय. कम्युनिटी कॉलेजांत आरोग्य सहायक, क्ष-किरण तंत्रज्ञ यांसारखे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शिक्षकांना हा विषय वर्गात उपयोगी पडेल. शिवाय त्यांचे विद्यार्थी नेमक्या त्याच वयोगटात पाऊल टाकत असतात ज्या वयोगटाला हा आजार गाठतो.

हाड मरते म्हणजे काय होते

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते कटीच्या हाडातील उखळीत बसते आणि शरीराचा भार पेलत सर्व दिशांनी फिरते. या गोलाचा रक्तपुरवठा मात्र फार चिंचोळ्या वाटेने होतो. हाडाच्या मानेवरून वर चढणाऱ्या काही बारीक रक्तवाहिन्या गोलाला रक्त पुरवतात आणि प्रौढ वयात त्यांना फारसा पर्याय नसतो. मानेचे हाड मोडले की या वाहिन्या तुटू शकतात. हाड न मोडताही त्या आतून बंद पडू शकतात. स्टेरॉइड औषधे मोठ्या प्रमाणात घेणे, दीर्घकाळ मद्यपान, सिकलसेल हा रक्ताचा आजार, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे उपचार ही त्याची सुपरिचित कारणे होत. काही रुग्णांत कोणतेच कारण सापडत नाही.

रक्त थांबले की हाडातील पेशी काही तासांत ते काही दिवसांत मरतात. पण हाडाचा सांगाडा, म्हणजे त्यातील खनिजांचे जाळे, लगेच ढासळत नाही. मेलेले हाड काही काळ जिवंत हाडाइतकाच भार पेलते. माणूस चालतो, जिने चढतो, कामावर जातो. जिवंत हाडात रोजच्या वापराने सूक्ष्म भेगा पडतात आणि त्या बुजवल्याही जातात. मेलेल्या हाडात त्या बुजवायला कोणी नसते. भेगा साठत जातात आणि एके दिवशी कूर्चेच्या लगतचा पातळ थर आतून तुटतो. त्यानंतर गोलाचा माथा खचतो, गोल चपटा होतो, उखळी झिजते आणि अखेरीस सांधा बदलण्यावाचून उपाय उरत नाही. पासष्टाव्या वर्षी बसवलेला कृत्रिम सांधा बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. तिसाव्या वर्षी बसवलेल्या सांध्याविषयी तसे खात्रीने म्हणता येत नाही. पुढे तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता बरीच असते. माथा खचण्यापूर्वी निदान होणे आणि खचल्यानंतर होणे यांतील अंतर एवढे मोठे आहे.

एक्स-रे उशिरा का बोलतो

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, तेव्हापासून हाडाच्या तपासणीत पहिला मान एक्स-रेचाच आहे आणि तो योग्यही आहे. स्वस्त, झटपट, तालुक्याच्या गावीही उपलब्ध. परंतु एक्स-रे पाहतो ते खनिज. हाडातील कॅल्शियम किरण अडवते आणि फिल्मवर पांढरी छाया उमटते. पेशी जिवंत आहे की मृत, याच्याशी किरणांना कर्तव्य नसते. वर सांगितल्याप्रमाणे हाड मेले तरी त्यातील खनिज जागेवरच असते. त्यामुळे मेलेल्या हाडाची छाया जिवंत हाडासारखीच पडते.

एक्स-रेमध्ये बदल दिसू लागतात ते शरीराने दुरुस्ती सुरू केल्यावर. मृत भागाच्या कडेने जिवंत पेशी आत शिरतात, काही ठिकाणी जुने हाड खातात, काही ठिकाणी मेलेल्या जाळीवर नवे हाड चढवतात. खाल्लेला भाग काळसर आणि चढवलेला भाग अधिक पांढरा दिसतो. हे होण्यास अनेक आठवडे ते महिने लागतात. म्हणून सुरुवातीच्या काळातील ‘नॉर्मल’ एक्स-रेचा अर्थ ‘खुबा निरोगी आहे’ असा घेता येत नाही. ‘खनिजात अद्याप बदल नाही’ एवढाच त्याचा अर्थ. अहवाल खोटा नसतो, त्याचे वाचन चुकते.

एक्स-रे कसा काढला आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते आणि या ठिकाणी तंत्रज्ञाचे कौशल्य कामी येते. मांडीच्या हाडाची मान सरळ बाजूला न जाता किंचित पुढे वळलेली असते. रुग्ण उताणा झोपला की त्याची पावले आपोआप बाहेर पडतात आणि मान फिल्मवर आखूड दिसते. म्हणून समोरून चित्र घेताना दोन्ही पाय सुमारे १५ ते २० अंश आत वळवून, अंगठे एकमेकांकडे आणून ठेवतात. पायांची ही ठेवण न साधता काढलेली कितीतरी चित्रे वाचणाऱ्याच्या हाती येतात.

दुसरे चित्र बाजूने घ्यावे लागते. गुडघे वाकवून, मांड्या बाहेर फाकवून, बेडकासारख्या स्थितीत घेतलेल्या या चित्राला तंत्रज्ञ ‘फ्रॉग लॅटरल’ म्हणतात. ते वगळले जाते तेव्हा मोठे नुकसान होते. आजार बहुधा गोलाच्या पुढच्या-वरच्या भागात सुरू होतो. समोरून घेतलेल्या चित्रात नेमक्या त्याच भागावर उखळीच्या कडांची छाया पडते. बेडूक-स्थितीत तो भाग मोकळा होतो आणि कूर्चेखालचा तुटलेला थर एका बारीक काळ्या कोरीसारखा दिसतो. तिला चंद्रकोर-चिन्ह असे नाव आहे. चंद्रकोर दिसली म्हणजे हाड आतून तुटले आहे, हे निश्चित. आजार ओळखण्याची ही चांगली खूण असली तरी लवकर ओळखण्याची नव्हे.

फ्रान्समधील फिका आणि आर्ले या अस्थिरोगतज्ज्ञांनी या आजाराच्या पायऱ्या प्रथम एक्स-रेवरून ठरवल्या आणि त्यांचे वर्गीकरण आजही रुग्णालयांत बोलण्यात असते. अस्थि-रक्ताभिसरणाचा अभ्यास करणाऱ्या ‘आर्को’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये सुधारलेली मांडणी अधिक सुटसुटीत आहे. पहिल्या पायरीत एक्स-रे निर्दोष, दोष फक्त एम.आर.आय.मध्ये. दुसरीत एक्स-रेमध्ये बदल दिसतो, पण हाड तुटलेले नसते. तिसरीत हाड तुटलेले किंवा माथा खचलेला; खचणे २ मिलिमीटरपर्यंत असेल तर एक उपप्रकार, त्याहून अधिक असेल तर दुसरा. चौथीत सांध्याची झीज. दुसरी आणि तिसरी पायरी यांमध्ये रुग्णाचे भवितव्य बदलते.

एम.आर.आय. नेमके काय पाहते

चुंबकीय अनुनादावर आधारित या तपासणीसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाणी आणि चरबी यांतील हायड्रोजनच्या केंद्रकांकडून येणारे संकेत टिपून चित्र तयार होते. प्रौढ माणसाच्या खुब्याच्या गोलातील मज्जा प्रामुख्याने चरबीयुक्त असते. ‘टी-१’ या पद्धतीच्या चित्रात चरबी पांढरी दिसते, त्यामुळे निरोगी गोल एकसारखा उजळ दिसतो.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास चकवते. मृत भागातील चरबीही सुरुवातीला चरबीच असते आणि तीही उजळच दिसते. म्हणजे एम.आर.आय.लासुद्धा मृत्यू थेट दिसत नाही. तिला दिसते ती सीमा. मृत आणि जिवंत भागांच्या मध्ये शरीर दुरुस्तीचा जो पट्टा उभा करते, तो टी-१ चित्रात काळ्या, नागमोडी रेषेसारखा उमटतो आणि त्या रेषेने वेढलेला तुकडा म्हणजे आजारी भाग. ‘टी-२’ चित्रात बऱ्याच रुग्णांत या पट्ट्याच्या दोन समांतर रेषा होतात. आतली उजळ रेषा नव्या, रक्ताळ ऊतीची असते आणि बाहेरची काळी रेषा घट्ट झालेल्या हाडाची. मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये वर्णन केलेले हे दुहेरी-रेषा चिन्ह या आजाराची खास ओळख मानले जाते. दुरुस्तीचा पट्टा तयार होण्यास काही काळ लागत असल्याने रक्त थांबल्यानंतरच्या अगदी पहिल्या दिवसांत साधी एम.आर.आय.ही निर्दोष येऊ शकते. तरीही ती एक्स-रेच्या कितीतरी पुढे असते.

निदानापलीकडे एम.आर.आय. दोन गोष्टी सांगते. एक, मृत भाग केवढा आहे. फ्रेंच तज्ज्ञ केर्बूल यांनी एक्स-रेवर मृत भागाचा कोन मोजण्याची रीत घालून दिली होती. कोरियातील संशोधकांनी २००६ मध्ये तीच रीत एम.आर.आय.च्या समोरच्या आणि बाजूच्या मधल्या छेदांवर वापरली आणि दोन्ही कोनांची बेरीज पाहिली. बेरीज १९० अंश किंवा त्याहून कमी असलेले खुबे खचले नाहीत आणि २४० अंश किंवा त्याहून अधिक असलेले सर्व खचले. तो अभ्यास लहान होता, तरी शस्त्रवैद्य आजही हा हिशेब विचारात घेतात. दुसरी गोष्ट मज्जेतील सुजेची. हाडाच्या मानेपर्यंत सूज पसरली असेल तर वेदना अधिक असतात आणि खचण्याची भीतीही वाढलेली असते.

महामारीनंतरचा अनुभव

मुंबईच्या माहीम येथील हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तिघांनाही कोविड होऊन गेला होता आणि उपचारात स्टेरॉइड दिले गेले होते. सरासरी मात्रा ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी होती, तर या आजारास कारणीभूत म्हणून आधीच्या वैद्यकीय वाङ्मयात सुमारे २००० मिलिग्रॅम ही मात्रा नोंदलेली होती. कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत खुब्याची लक्षणे दिसली. एरवी स्टेरॉइडनंतर सहा महिने ते वर्षभराने ती दिसतात.

या आकड्यांकडे नीट पाहिले पाहिजे. कोविडमध्ये प्राणवायूची गरज लागलेल्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवसांपर्यंत देण्याची पद्धत ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीनंतर २०२० मध्ये जगभर रूढ झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे सुमारे ४० मिलिग्रॅम. दहा दिवसांचे होतात ४००. ही मात्रा मुंबईच्या त्या सरासरीहून कमी आहे. पण गरज नसताना, घरच्या घरी, जास्त दिवस चाललेली स्टेरॉइडे यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. तीन रुग्णांवरून सर्वांविषयी अनुमान काढता येत नाही हे खरेच. तरी कोविडनंतर जांघेत दुखू लागलेल्या रुग्णाची एम.आर.आय. लवकर करावी, हा त्या लेखाचा आग्रह देशभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी उचलून धरला. त्याच गटाने लवकर सापडलेल्या रुग्णांत बिस्फॉस्फोनेट औषधांचा पुरस्कार केला आहे. अन्य काही चाचण्यांत या औषधांचा तसा फायदा दिसलेला नाही, त्यामुळे त्याविषयी मतभेद आहेत. हाडात छिद्र करून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रियाही माथा खचण्यापूर्वीच उपयोगाची असते. उपचार कोणताही निवडला तरी तो पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचाच.

सिकलसेलग्रस्त भागातील अडचण

मध्य प्रदेशात आणि विदर्भात या आजाराचे आणखी एक मोठे कारण आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला, यावरून या प्रदेशातील प्रश्नाचे स्वरूप लक्षात यावे. गडचिरोली, नंदुरबारपासून झाबुआ, मंडलापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो आणि अन्य समाजांतही तो आहे. कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि खुब्याचा गोल त्यांच्या तावडीत सहज सापडतो.

या रुग्णांची एम.आर.आय. वाचणे अवघड असते. रक्त तयार करण्याचा ताण असल्याने त्यांची मज्जा चरबीयुक्त न राहता लाल राहते. उजळ पार्श्वभूमीवर काळी रेषा शोधायची, तर येथे पार्श्वभूमीच काळपट असते. शिवाय याच रुग्णांना हाडात जंतुसंसर्ग होण्याचीही शक्यता असते आणि मज्जेतील सूज दोन्हींत दिसते. सिकलसेलची माहिती तपासणीच्या चिठ्ठीवर नसेल तर अनुभवी तज्ज्ञाचीही फसगत होऊ शकते. ही चार अक्षरे लिहायला खर्च येत नाही, तरी ती वगळली जातात.

सी.टी. आणि अस्थि-स्कॅन

सी.टी. ही क्ष-किरणांचीच तपासणी असल्याने लवकर निदानासाठी तिचा उपयोग कमी. किरणांची मात्राही जास्त. कूर्चेखालचा थर तुटला आहे की नाही, या एका प्रश्नावर मात्र ती सर्वात स्पष्ट उत्तर देते. शस्त्रक्रिया कोणती करायची हे त्यावर ठरणार असेल तर ती जरूर करावी. किरणोत्सारी टेक्नेशियम टोचून केल्या जाणाऱ्या अस्थि-स्कॅनमध्ये मृत भाग थंड आणि भोवतीचे कडे गरम दिसते. जुन्या पद्धतीचा पेसमेकर किंवा डोळ्यात लोखंडाचा कण यांमुळे ज्यांना एम.आर.आय. करता येत नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय उरतो.

सारखे दिसणारे आजार

खुबा दुखणाऱ्या प्रत्येकाला अस्थिनाश नसतो. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. क्षयात सांध्याच्या दोन्ही बाजू, म्हणजे गोल आणि उखळी, पोखरल्या जातात आणि सांध्यातील फट लवकर अरुंद होते. अस्थिनाशात ती फट बराच काळ टिकून असते. पाठीच्या कण्याच्या संधिवातात दुखणे नितंबाकडे, मागच्या बाजूला असते आणि पहाटे अधिक असते. तेथेही सुरुवातीचा एक्स-रे निर्दोषच येतो.

सर्वात फसवा आजार म्हणजे खुब्याची तात्पुरती हाड-विरळता. मध्यमवयीन पुरुषांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्रियांना ती होते. एम.आर.आय.मध्ये गोल आणि मान भरून सूज दिसते, पण वेढणारी ती काळी रेषा कोठेही नसते. बहुतेकांचे दुखणे काही महिन्यांत आपोआप जाते. त्याला अस्थिनाश समजून छिद्र करण्याची शस्त्रक्रिया करणे म्हणजे बऱ्या होणाऱ्या हाडाला उगाच हात लावणे होय.

तपासणीच्या चिठ्ठीविषयी

खुब्याचे दुखणे कधी कधी गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना काही मज्जातंतू समान आहेत. गुडघ्याचा एक्स-रे निर्दोष आणि दुखणे कायम, अशा वेळी खुबा तपासावा. उताणे झोपवून, गुडघा वाकवून पाय आत वळवला असता जांघेत कळ आली, तर संशय बळावतो. ही परीक्षा कोणत्याही दवाखान्यात दोन मिनिटांत होते.

चिठ्ठीवर स्टेरॉइडचा इतिहास, कोविड, मद्यपान, सिकलसेल, जुना अपघात यांची नोंद असावी. दमा, त्वचारोग, मूत्रपिंडाचे विकार यांसाठी घेतलेली स्टेरॉइडे रुग्णाला बहुधा आठवतात. सांधेदुखीवर आणलेल्या नाव नसलेल्या पुड्यांत ती असू शकतात हे त्याला माहीत नसते. म्हणून ‘स्टेरॉइड घेतले का’ असे न विचारता ‘कोणकोणती औषधे घेतली’ असे विचारणे बरे. एक्स-रे दोन्ही स्थितींतला मागावा. एम.आर.आय. महाग असल्याने पुष्कळ रुग्ण कचरतात; परंतु संशय फक्त याच आजाराचा असेल तर टी-१ आणि चरबीचा संकेत दाबणारी ‘स्टिर’ या दोन पद्धतींची मोजकी चित्रेही पुरू शकतात आणि यंत्रावरचा वेळ वाचतो. तपासणी मात्र एका खुब्याची न मागता दोन्हींची मागावी. अपघाताशिवाय झालेला अस्थिनाश अनेक रुग्णांत दोन्ही बाजूंना असतो. दुखणारी बाजू पुढच्या पायरीवर गेलेली असते आणि न दुखणारी पहिल्या पायरीवर असू शकते. वाचवता येण्यासारखा खुबा बऱ्याचदा तोच असतो.